नाकाचे कुणी विचारलेच नव्हते

(बारामती येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे लेखरूप)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी आपण एका पत्रकाराला बोलावलेत, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मला स्वतःलाही संकोच वाटला. मी कला शाखेचा पदवीधर. शाळा सुटल्यावर शरीरशास्त्राचे पुस्तक मी पुन्हा उघडले नव्हते. ते उघडण्याची वेळ माझ्यावर माझ्याच घरातील एका आजारपणाने आणली. त्या आजारपणात मी जे पाहिले, जे शिकलो आणि जिथे चुकलो, तेवढेच आज आपल्यासमोर ठेवणार आहे. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, तो मी घेणार नाही.

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठच्या एका गावात दिली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचे यजमान, आमचे दाजी, हे उसाचे शेतकरी. पहाटे पाचला मोटार चालू करायला जाणारा, आयुष्यात तंबाखूची चिमूटही न घेतलेला हा माणूस. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांना सर्दी झाली आणि ती हटेना. नाक चोंदलेले, सकाळी नाकातून रक्ताळलेल्या खपल्या, एका कानाने कमी ऐकू येणे. 'सायनस आहे' असे समजून औषधे झाली. दिवाळीच्या सुमारास खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला. डोळे लाल झाले, गुडघे आणि घोटे दुखू लागले. छातीचा एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसात रुपयाएवढा गोल डाग.

आपल्या देशात असा डाग दिसला की पहिली शंका क्षयाची येते आणि ती यायलाच हवी. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत. दाजींच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तरीही लक्षणे तशीच असल्याने औषधे सुरू झाली. दोन महिने ती नियमाने घेतली. या काळात वजन नऊ किलोंनी उतरले आणि एके दिवशी खोकल्यातून रक्त पडले.

मग पुणे आले. सीटी स्कॅनमध्ये दिसले की डाग आता दोन आहेत, मोठा चार सेंटिमीटरचा आहे आणि त्याच्या मध्यभागी पोकळी आहे. अहवालात 'कर्करोगाची शक्यता' असे शब्द होते. सुईने तुकडा काढला. त्यात कर्करोगाच्या पेशी मिळाल्या नाहीत, केवळ मृत पेशीजाल आणि दाह मिळाला. 'सुई नेमक्या जागी लागली नसेल, फुप्फुसाचा तेवढा भाग काढून टाकणे बरे', असा सल्ला आम्हाला मिळाला. हे कोणत्या रुग्णालयात घडले ते मी सांगणार नाही. तेथील डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्यासमोरचा डाग खरोखरच गाठीसारखा होता.

गावी बातमी पोहोचायला वेळ लागत नाही. 'कॅन्सर' हा शब्द घरात आला आणि घराचा रंगच बदलला. भाच्याने विहिरीजवळचे दोन एकर विकायला काढले. आक्काने देवघरातला दिवा विझू दिला नाही. दाजींना मात्र आम्ही काहीच सांगितले नाही. हा निर्णय माझा होता. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असा प्रसंग आला असेल, त्यांना ती कुजबुज ठाऊक असेल. चार दिवसांनी दाजी मला म्हणाले, "पाव्हणं, माझ्या आजाराचं नाव समद्या गावाला ठावं हाय, मलाच तेवढं नाही." त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

याच सुमारास आक्काने मला बाजूला घेऊन विचारले, "अरे, त्यांच्या नाकाचं कुणी विचारतच नाही. पावसाळ्यापासून रक्त येतंय." मी तिला काय उत्तर द्यावे? मी म्हणालो, "आक्का, इथे फुप्फुसाचा प्रश्न आहे, तू नाकाचं काय घेऊन बसलीस?" तीस वर्षे बातमीदारी केलेल्या माणसाचे हे उत्तर. बातमीचे टोक जी साक्षीदार हातात देत होती, तिलाच मी गप्प बसवले.

शस्त्रक्रियेपूर्वी दुसरे मत घ्यावे, असे एका स्नेह्याने सुचवले, म्हणून आम्ही दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी स्कॅन लगेच पाहिला नाही. त्यांनी दाजींना समोर बसवले आणि म्हणाल्या, "काका, हे सगळं कशापासून सुरू झालं, ते अगदी पहिल्या दिवसापासून सांगा." दाजी बोलू लागले, आक्काने भर घातली. नाक, कान, डोळे, सांधे, मग छाती. बाईंनी नाकात डोकावून पाहिले, नाकाच्या दांड्यावर बोट फिरवले आणि सर्वप्रथम सांगितलेली तपासणी कोणती होती? साध्या लघवीची. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या त्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी होत्या आणि प्रथिनेही होती. रक्तातील क्रिएटिनिन २.१ होते. म्हणजे मूत्रपिंडेही आजारी होती आणि दाजींना त्याची यत्किंचितही वेदना नव्हती.

फुप्फुसातील एकटी गाठ नाक, कान आणि मूत्रपिंडे एकाच वेळी का बिघडवील? त्या प्रश्नापाशी निदानाची दिशा बदलली. 'अँका' नावाची रक्ततपासणी झाली, तिच्यातील 'पीआर-३' हा घटक मोठ्या प्रमाणात आढळला. आधीच्या तुकड्याच्या काचा दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञांनी पुन्हा पाहिल्या. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला. बेडक्याची क्षयासाठी जनुकीय चाचणी आणि जंतुसंवर्धन, दोन्ही करून क्षय नसल्याची खात्री केली. मग आजाराला नाव मिळाले : ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, संक्षेपाने जीपीए.

हा आजार आहे तरी काय? शरीरात शत्रूशी लढणारे सैन्य असते, ते रक्तातील पांढऱ्या पेशींचे. आपले कोण आणि परके कोण, हे या सैन्याला ओळखता यावे लागते. ती ओळख राखणाऱ्या, सैन्याला आवर घालणाऱ्या विशिष्ट पेशींच्या शोधासाठी २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेच्या मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमॉन साकागुची यांना मिळाले. ही ओळख चुकली की सैन्य स्वकीयांवरच तुटून पडते. अशा आजारांना स्वयंप्रतिकारक किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. जीपीएमध्ये हा हल्ला बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर होतो. नाकाचे अस्तर, फुप्फुस आणि मूत्रपिंडाची गाळणी, या तीन ठिकाणी त्याचा जोर अधिक असतो. फुप्फुसात दाहाचे गोळे तयार होतात, त्यांचा मधला भाग मरतो आणि पोकळी पडते. चित्रात तो गोळा कर्करोगाच्या गाठीसारखा किंवा क्षयाच्या पोकळीसारखा दिसतो. सुई नेमकी मेलेल्या भागात गेली, तर तुकडाही काही बोलत नाही. त्यातून ग्रॅन्युलोमा नावाची जी रचना दिसते, ती क्षयातही दिसते. म्हणून आपल्याकडे हा आजार दोन-दोन मुखवटे घालून वावरतो.

'अँका' सकारात्मक आली म्हणजे काम संपले, असेही नाही. काही क्षयरुग्णांतही ती सकारात्मक येऊ शकते. आम्ही वृत्तपत्रात एका सूत्राच्या भरवशावर मोठी बातमी छापत नाही. रुग्णाची हकिगत, चित्र, रक्त, लघवी आणि तुकडा, हे साक्षीदार एकमेकांशी जुळले तरच निदान पक्के होते.

या आजाराची कथा तशी जुनी आहे. जर्मनीत १९३१ मध्ये हाइन्झ क्लिंगर यांनी आणि १९३६ मध्ये फ्रीडरिश वेगेनर यांनी असे रुग्ण नोंदवले. पुढे अनेक दशके तो 'वेगेनरचा आजार' म्हणून ओळखला गेला. वेगेनर नाझी पक्षाचे सदस्य होते, हे अभ्यासकांनी उजेडात आणल्यावर २०११ मध्ये अमेरिका व युरोपातील वैद्यकीय संघटनांनी नाव बदलले. आपल्या जुन्या कागदांवर 'वेगेनर' आणि नव्या कागदांवर 'जीपीए' असे लिहिलेले दिसले, तर गोंधळून जाऊ नका, आजार एकच आहे.

१९५८ मध्ये इंग्लंडमधील वॉल्टन यांनी उपचाराविना या आजाराचे काय होते ते मांडले. रुग्ण सरासरी पाच महिने जगत आणि शंभरातील ८२ जण वर्षाच्या आत जात. त्यानंतर अमेरिकेत एका डॉक्टरांनी कर्करोगावरचे सायक्लोफॉस्फामाइड हे औषध अल्प प्रमाणात, स्टेरॉइडच्या जोडीने वापरून पाहिले. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने ८५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातील ९३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण शमला होता. त्या डॉक्टरांचे नाव अँथनी फाउची. करोनाच्या काळात हे नाव आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर ऐकले आहे. पुढे १९८५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी 'अँका' आणि हा आजार यांचा संबंध दाखवला. २०१० मध्ये रिटुक्सिमॅब हे औषध सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीचे असल्याचे दोन चाचण्यांतून दिसून आले. या रिटुक्सिमॅबची पहिली भारतीय आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने २००७ मध्येच बाजारात आणली होती. आपल्या देशातील मध्यमवर्गीय घराला ही गोष्ट केवढी आधाराची, हे मी स्वतः अनुभवले आहे.

दाजींवर उपचार सुरू झाले. आधी तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड, नंतर गोळ्या आणि ठरावीक अंतराने सायक्लोफॉस्फामाइडचे सहा डोस. आणि इथे एक नवाच पेच उभा राहिला. भाच्याने औषधाचा कागद वाचला, तर त्यावर कर्करोगाचा उल्लेख! "मामा, डॉक्टर आपल्यापासून लपवताहेत", असे म्हणून तो रडू लागला. डॉक्टर बाईंनी सर्व कुटुंबाला एकत्र बसवले, दाजींनाही. औषध तेच असले तरी आजार वेगळा आहे, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. हे औषध मूत्राशयाला त्रास देते म्हणून पाणी भरपूर प्यावे, प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून ताप आल्यास एक दिवसही थांबू नये, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेली गोळी चुकवू नये, हे सर्व त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिले. त्या दिवशी दाजींना आपल्या आजाराचे नाव प्रथम कळले. ते शांतपणे म्हणाले, "मग जमीन इकायची गरज न्हाई म्हना की."

तीन महिन्यांनी स्कॅनमधील मोठा गोळा आक्रसून चट्ट्याएवढा राहिला. शस्त्रक्रियेने फुप्फुसाचा भाग गमावला असता, तरी नाक आणि मूत्रपिंडे जळतच राहिली असती, हे आम्हाला तेव्हा उमजले.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. २०१९ मध्ये एका हितचिंतकाने दाजींना पटवून दिले की, स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, ती सोडा आणि एक काढा घ्या. दाजींनी घरात कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात थकवा, पुन्हा नाकातून रक्त आणि क्रिएटिनिन तीनच्या वर. मला येथे स्पष्ट बोलू द्या. आयुर्वेदाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि माझ्या घरात त्याचा वापरही होतो. पण चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी तोडायला सांगणे यात कोणतेही शास्त्र नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते, त्यामुळे गोळी अचानक थांबली तर जिवावर बेतू शकते आणि दबलेला आजारही उसळू शकतो. दुष्परिणाम खरे आहेत, पण मात्रा उतरवण्याचे काम डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने करायचे असते. दाजींना या वेळी रिटुक्सिमॅब द्यावे लागले, तेही कावीळ-ब आणि सुप्त क्षयाची तपासणी करून मगच. आजार पुन्हा आवरला. मूत्रपिंडाचे झालेले काही नुकसान मात्र भरून आले नाही.

बंधू-भगिनींनो, हा विषय बारामतीत का मांडावा? कारण असे आजार शहरी लोकांचे, ही समजूत ज्या कामाने मोडली त्यातले एक मोठे काम येथून हाकेच्या अंतरावर झाले आहे. आपले भिगवण आपल्याला रोहित पक्ष्यांसाठी माहीत आहे. पण जगभरच्या संधिवाततज्ज्ञांना ते एका सर्वेक्षणामुळे माहीत आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न उपक्रमात भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याची नोंद केली. गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी चार हजारांहून अधिक प्रौढांना प्रश्न विचारले. शेकडा १८ जणांना असे दुखणे होते आणि साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात, म्हणजे स्वयंप्रतिकारक संधिवात होता. जीपीए त्याहून कितीतरी दुर्मीळ आहे, पण कूळ तेच. भिगवणला डॉक्टरांनी नवे यंत्र आणले नव्हते. ते दारात गेले, बसले आणि 'कुठे दुखते, कधीपासून दुखते' असे विचारले. आमच्या डॉक्टर बाईंनीही दाजींना तेच विचारले होते.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्षयाची जनुकीय चाचणी शासकीय यंत्रणेत विनामूल्य होते. परंतु योग्य प्रश्न योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे काम अजूनही कुटुंबाचेच आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली, रुग्णाची एक फाइल करा. पहिल्या दुखण्यापासूनची तारीखवार नोंद, सर्व कागद, स्कॅनच्या फिल्म आणि तुकड्याच्या काचा कुठे आहेत त्याची चिठ्ठी तीत असावी. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पूर्ण फाइल न्यावी, निवडक कागद नेऊ नयेत. दुसरी, छातीत डाग आहे आणि त्याच्याच आगेमागे नाकातून रक्ताळ खपल्या, कानाची तक्रार, लाल डोळे, सांधेदुखी किंवा अंगावर जांभळे ठिपके असतील, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि लघवीची तपासणी झाली का, हे नम्रपणे विचारा. तिसरी, 'तुकड्यात नेमके काय दिसले?' हा प्रश्न विचारायला कचरू नका. शस्त्रक्रिया असो वा दीर्घ औषधोपचार, दुसरे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. चौथी, खर्चाचा विचार जमीन विकण्यापासून सुरू करू नका. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा आणि आपल्या आजाराला कोणते साहाय्य मिळते ते विचारून घ्या.

याबरोबर एक इशाराही दिला पाहिजे. माझे भाषण ऐकून कुणी 'आमचाही कर्करोग नसेल, वाट पाहू' असे म्हणू नये. फुप्फुसातील डाग बहुतेक वेळा जीपीएचा नसतो. तंबाखू ओढणाऱ्या माणसात असा डाग दिसला तर कर्करोगाचीच शंका आधी धरावी लागते आणि तिथे उशीर घातक ठरतो. जीपीएमध्येही उशीर तितकाच घातक आहे, कारण मूत्रपिंडे न दुखता संपत जातात. दोन्हीकडे उपाय एकच, तपासणी लवकर आणि पुराव्यानिशी करून घेणे.

येथे बसलेले अनेक कार्यकर्ते रुग्णांबरोबर पुण्याला जातात, रक्त मिळवून देतात, डबा पोहोचवतात. ते मोठे काम आहे. त्यात एका कामाची भर घाला. बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर रांगेत बसलेले असताना रुग्णाच्या घरच्या बाईशेजारी बसा आणि तिला विचारा, 'वहिनी, हे कशापासून सुरू झालं?' ती सांगेल ते कागदावर लिहून आत द्या. घरातले दुखणे ती सर्वांत आधी पाहते आणि तिला विचारले जाते सर्वांत शेवटी.

दाजी आज ऊस पाहतात, मोटार मात्र भाचा चालू करतो. नाकाचा दांडा थोडा बसला आहे, क्रिएटिनिन १.६ वर स्थिर आहे, दर तीन महिन्यांनी पुण्याची फेरी आहे. विहिरीजवळचे दोन एकर अजून आमच्या आक्काच्याच घरचे आहेत. गेल्या भेटीत डॉक्टर बाईंनी फाइल उघडण्याआधी आक्काकडे पाहिले आणि विचारले, "काकू, तुम्ही सांगा, नाक कसं आहे?" मी मागच्या खुर्चीवर गप्प बसलो होतो.